पांढरे केस, तंबाखू आणि वय : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळच्या टपालात पांढऱ्या केसांवरची पत्रं सर्वांत जास्त होती. त्यांतली बरीच एकाच मुद्द्यावर येऊन थांबतात: दोष वयाचा, घराण्याचा, की खिशातल्या सिगारेटच्या पाकिटाचा? निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं पुढे देत आहोत.

प्रश्न : माझं वय 29. दोन वर्षांत कल्ले आणि कानशिलांवरचे केस पांढरे झाले. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून सिगारेट ओढतो, दिवसाला सहा ते आठ. वडिलांचे केस पंचेचाळिशीनंतर पांढरे झाले आणि त्यांना कसलंही व्यसन नाही. माझ्या केसांना सिगारेट कारण असेल का? आज सोडली तर केस परत काळे होतील का?
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण हिरमोड तिथेच होतो. सिगारेट सोडल्यावर पांढरे केस काळे होतील, या आशेवर राहू नका. डोक्याबाहेर आलेला केस हा निर्जीव धागा असतो. त्याला रंग मिळतो तो त्वचेच्या आत, मुळाशी. तिथल्या रंगपेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करून वाढत्या केसात भरतात. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, तीनेक महिने तो नुसता राहतो आणि गळतो. त्याच जागी नवा केस सुरू होतो, तेव्हा त्याच्यासाठी रंगपेशीही नव्याने लागतात. त्या येतात मुळाच्या वरच्या भागातल्या राखीव साठ्यातून. हा साठा आटला की पुढचा केस पांढराच उगवतो. म्हणून डोकं एका रात्रीत पांढरं होत नाही, केसागणिक होत जातं.

आता सिगारेटचं. केसांच्या मुळाशी रोजच्या कामकाजात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत असतं. पार्लरमध्ये केस ब्लीच करायला वापरतात तेच हे रसायन. त्याचा निचरा करणारं कॅटलेज नावाचं विकर वयानुसार कमी पडत जातं, आणि साठलेल्या पेरॉक्साइडचा ताण रंगपेशींवर येतो. सिगारेटच्या धुरात 7,000 हून अधिक रसायनं असतात आणि त्यांतली कित्येक शरीरात याच जातीचा ताण वाढवतात. शिवाय निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रंगपेशी अशा माऱ्यापुढे नाजूक असतात.

माणसांवरच्या अभ्यासांतही हा संबंध दिसला आहे. ब्रिटनमधल्या पाहणीत तो 1996 साली नोंदवला गेला. जॉर्डनमधल्या 207 जणांच्या अभ्यासात (2013) धूम्रपान करणाऱ्यांमध्ये तिशीच्या आत केस पांढरे होण्याची शक्यता अडीचपट आढळली. अडीचपट म्हणजे ओढणाऱ्या प्रत्येकाचे केस पांढरे होतात असं नव्हे, आणि असा अभ्यास संबंध दाखवतो, एकट्या तुमच्या डोक्याचा निवाडा करत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी बघा. भारतीयांमध्ये साधारण पंचविशीच्या आत केस पांढरे होऊ लागले तर त्याला ‘अकाली’ म्हणतात. तुमचे सत्ताविसाव्या वर्षी सुरू झाले, म्हणजे काठावरचं प्रकरण. दुसरं, नुसत्या वडिलांशी तुलना करून भागणार नाही. मामांचे केस कधी पांढरे झाले ते आईला विचारा. दोन्ही घराण्यांत चाळिशीच्या पुढेच झाले असतील, तर सिगारेटकडे बोट दाखवायला जागा आहे.

काही केस परत काळे झाल्याची नोंदही आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 साली 14 जणांचे केस टोकापासून मुळापर्यंत तपासले. काही केस टोकाला पांढरे आणि मुळाशी काळे सापडले, आणि रंग परतल्याचा काळ मनावरचा ताण उतरल्याच्या काळाशी जुळला. पण ते मोजके केस होते. त्यावर आख्ख्या डोक्याची आशा बांधू नये.

सिगारेट तरीही सोडा, आणि पूर्ण सोडा. ‘आठवरून दोनवर आलो’ याचं समाधान मानणारे पुष्कळ असतात. दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो. इथे त्रैराशिक चालत नाही.

प्रश्न : माझी आई 52 वर्षांची आहे. तीस वर्षं मशेरी लावते: सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणानंतर, रात्री झोपताना. मशेरी म्हणजे दात घासायचं साधन, तंबाखू नव्हे, असं तिचं म्हणणं. तिचे सगळे केस पांढरे झालेत. धाकटी मावशी 49 ची, तिचे अजून काळे. मशेरीमुळेच असेल का? ती सोडवायची कशी?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : मशेरी तंबाखूच असते. तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, हाताने चुरून पूड करायची आणि डबीत भरायची. भाजताना घरभर ठसका लागतो तो तंबाखूचाच. भाजल्यावरही निकोटीन शिल्लक राहतं आणि हिरड्यांमधून सरळ रक्तात जातं. म्हणून तर मशेरी लावल्याशिवाय सकाळी ‘डोकं चालत नाही’.

महाराष्ट्रात हा प्रश्न फार मोठा आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यांत धूम्रपान करणारे होते 3.8 टक्के, तर मशेरी, मावा, तंबाखू-चुना अशी धूररहित तंबाखू घेणारे 24.4 टक्के (दोन्ही घेणारे दोन्हीकडे मोजले आहेत). आपल्याकडची तंबाखू बहुतांशी तोंडात असते आणि जाहिराती मात्र सिगारेटच्या विरोधातल्या दिसतात. त्यामुळे मशेरी लावणाऱ्या बाईला, हे आपल्यासाठी आहे, असं वाटतच नाही.

केसांचा दोष मात्र मशेरीवर टाकू नका. पांढऱ्या केसांशी संबंध दिसला तो मुख्यतः धूम्रपान करणाऱ्यांच्या अभ्यासांत. बावन्नाव्या वर्षी केस पांढरे असणं वयाला धरून आहे, आणि सख्ख्या बहिणींतही दहा-दहा वर्षांचा फरक पडतो. तुम्ही आईंना ‘मशेरीने केस पिकले’ म्हणून सांगाल, त्या शेजारच्या मशेरी लावणाऱ्या पण काळ्या केसांच्या बाईकडे बोट दाखवतील, आणि विषय संपेल.

बघायचं ते तोंड. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, हात स्वच्छ धुऊन बघा. खालचा ओठ बाहेर ओढून मशेरी लावतात ती हिरडी आणि ओठाची आतली बाजू पाहा. मग दोन्ही गाल, जीभ वर करून तिच्या खालची जागा आणि जिभेच्या कडा. बोटाने पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेला फोड, हाताला लागणारी कडक गाठ, हलणारा दात, यांतलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाहीच. घरात कुणी मावा किंवा गुटखा खाणारं असेल तर त्यांना स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. ती जात नसतील तर सुपारीमुळे गालाची आतली त्वचा आखडू लागलेली असू शकते. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. माव्यात सुपारी आणि तंबाखू दोन्ही असतात.

सोडवताना सगळ्यांत सोपी वेळ आधी घ्या. तीनपैकी दुपारची बहुधा सर्वांत हलकी असते. ती आठवडाभर बंद करून त्या जागी बडीशेप किंवा भाजलेला ओवा द्या. दुसऱ्या आठवड्यात रात्रीची बंद करा आणि झोपताना साध्या टूथपेस्टने दात घासायला सांगा. सकाळची शेवटी. त्यासाठी एक तारीख ठरवा आणि आदल्या रात्री डबी घराबाहेर घालवा, माळ्यावर ठेवू नका.

सोडल्यावर दोन तक्रारी हमखास येतात. एक म्हणजे पोट साफ होत नाही. निकोटीन आतड्यांना चालना देतं, ते थांबलं की काही आठवडे बद्धकोष्ठ होतं. पाणी, पपई, भाजी वाढवा; रात्री कोमट पाण्यातून दोन चमचे इसबगोल चालतं. दुसरी म्हणजे दात-हिरड्या दुखू लागतात. दुखणं बहुतेक आधीपासूनच असतं, मशेरीने ती जागा बधिर केलेली असते. इथे पुष्कळ बाया ‘बघ, सोडल्यामुळे झालं’ म्हणून परत डबी उघडतात. त्यामुळे सोडायच्या आधीच दंतवैद्याकडून दात साफ करून घ्या.

प्रश्न : वय 22, मुलगी, एस. पी. कॉलेजजवळ होस्टेलवर राहते. पूर्ण शाकाहारी, कसलंही व्यसन नाही. तरी पुढचे पंधरा-वीस केस पांढरे. कोणत्या तपासण्या करू?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आधी ब-12. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. दिवसाला साधारण 2 ते 2.5 मायक्रोग्रॅम लागतं आणि पाव लिटर दुधात जेमतेम 1 असतं. मेसच्या जेवणात दोन चहांतलं दूध आणि आमटीवरची तुपाची धार, एवढंच दुग्धजन्य असेल तर भागत नाही.

ब-12, हिमोग्राम, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) एवढ्या तपासण्या पुरे. ब-12 ची गोळी आधीच सुरू करून मग रक्त देऊ नका, आकडा फसवा येतो. 200 पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात, 200 ते 300 काठावर. सोबत पायांना मुंग्या येणं, जीभ सोलवटल्यासारखी होणं, विसरभोळेपणा असेल तर काठावरचा आकडाही डॉक्टरांना दाखवा. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेऊ नका. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालू राहतं.

अकाली पिकलेले केस काळे होण्याची शक्यता अशा कमतरतेच्या किंवा थायरॉइडच्या प्रकरणांतच त्यातल्या त्यात बरी असते. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून फरक पडलाच तर तो मुळाशी, तीन-चार महिन्यांनी दिसेल. सगळे आकडे ठीक आले तर कारण बहुधा घराण्यातलं. मग बायोटिनच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका.

प्रश्न : पन्नाशीत अर्धं डोकं पांढरं व्हायलाच हवं का? माझे अजून चारच केस पांढरे आहेत, मित्र म्हणतात लपवून डाय लावतोस.
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : नाही. ‘पन्नाशीला निम्मे लोक, निम्मे पांढरे’ हा ठोकताळा जुना आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या, चार हजारांहून जास्त लोकांच्या जागतिक पाहणीत पन्नाशीला निम्मं डोकं पांढरं असलेले वंशानुसार 6 ते 23 टक्केच निघाले. तुमच्यासारखे बरेच असतात.

प्रश्न : कॅब चालवतो, दिवसाला बारा सिगारेटी. निकोटीनची गोळी (च्युइंगम) आणली. चघळली की उचकी लागते, पोटात मळमळतं, तलफ जात नाही. दोन दिवसांत टाकून दिली. दुसरं काही आहे का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : गम टाकून देऊ नका, चघळायची पद्धत चुकली आहे. नाव च्युइंगमचं असलं तरी ती सारखी चघळायची नसते. सारखी चघळली की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं. तिथे त्याचा उपयोग होत नाही, उचकी आणि मळमळ मात्र होते. ते शोषलं जायला हवं गालाच्या आतून.

गोळी तोंडात घालून सावकाश, आठ-दहा वेळा चावा. तिखट चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबा आणि ती गाल आणि हिरडी यांच्या मध्ये, तंबाखूचा बार धरतात तशी, ठेवून द्या. झिणझिण्या गेल्या की पुन्हा थोडी चावा आणि आता दुसऱ्या गालात ठेवा. असं अर्धा तास. चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक यांच्यानंतर पंधरा मिनिटं गोळी घेऊ नका, आणि गोळी तोंडात असताना पिऊ तर नकाच. आंबट किंवा कडक पेयांनी निकोटीन शोषलं जात नाही. स्टँडवर कटिंग मारून लगेच गोळी घातली तर ती वाया गेली म्हणून समजा.

दुसरी चूक मात्रेची. तलफ आली की एक, म्हणजे दिवसाला दोन-तीन घेऊन चालत नाही. पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी. एकूण बारा आठवडे. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर 2 मिलिग्रॅम कमी पडते. 4 ची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, किंवा घरातल्या गर्भवती बाईसाठी विचारत असाल, तर कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पहिले तीन दिवस सर्वांत अवघड. तलफेची एकेक लाट तीन-पाच मिनिटांत ओसरते. सीएनजीच्या रांगेत आणि टपरीवर ती हमखास येणार, म्हणून पहिले दोन आठवडे नेहमीची टपरी बदला आणि गाडीतला लायटर काढून टाका. तंबाखू सोडण्यासाठी 1800-112-356 हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. फोनवर समुपदेशक तुमच्याबरोबर तारीख ठरवतात आणि नंतर पाठपुरावाही करतात.

प्रश्न : डाय नको म्हणून ‘काळी मेंदी’ लावली. दुसऱ्या दिवशी कानामागे खाज, पापण्या सुजल्या. मेंदी तर नैसर्गिक ना? आता काय लावू?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : मेंदी केसांना कधीच काळा रंग देत नाही. तिचा रंग पांढऱ्या केसांवर नारिंगी ते तांबूस येतो. ‘काळी मेंदी’ म्हणून विकतात त्यात बहुतेक वेळा पीपीडी हे डायचंच रसायन असतं, आणि तुमची लक्षणं त्याच्याच ॲलर्जीची आहेत. ‘अमोनिया नाही’ असं लिहिलेल्या पाकिटातही पीपीडी असू शकतं, म्हणून मागच्या बाजूचे बारीक अक्षरातले घटक वाचा. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते आणि पुढच्या वेळी जास्त जोराने येते. यापुढे पीपीडी पूर्ण वर्ज्य करा. सूज उतरेपर्यंत डोक्याला काहीही लावू नका. श्वास लागला किंवा चेहरा सुजत चालला तर थेट दवाखाना.

महिन्याभराने शुद्ध मेंदी आणि नीळ (इंडिगो) असं दोन टप्प्यांत करता येईल. ही नीळ म्हणजे नीळीच्या पानांची पूड, कपड्यांची निळी नव्हे. दोन्ही पुड्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या लावून 48 तास वाट पाहा.

खांद्यापर्यंतच्या केसांना 100 ग्रॅम मेंदी. कोमट पाण्यात दह्याइतकी घट्ट भिजवा. एप्रिल-मेमध्ये तीन-चार तासांत रंग सुटतो, डिसेंबरच्या थंडीत रात्रभर लागते. भिजवलेल्या मेंदीचा ठिपका तळहातावर पाच मिनिटं ठेवून पुसा. नारिंगी डाग पडला की तयार. पाच-दहा मिनिटांत काळा डाग पडला तर त्यात रसायन आहे, फेकून द्या. तेल न लावलेल्या, धुतलेल्या केसांना मेंदी लावून दोन-तीन तास ठेवा आणि नुसत्या पाण्याने धुवा.

मग 100 ग्रॅम नीळ, चिमूटभर मीठ, कोमट पाणी. हिला मेंदीसारखं रात्रभर भिजवायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांत वरचा थर निळसर दिसला की लगेच लावा, उशीर झाला की रंग मरतो. दीड तासाने पाण्याने धुवा आणि दोन दिवस शाम्पू नको. धुतल्यावर केस हिरवट दिसले तर घाबरू नका, हवेने एक-दोन दिवसांत काळसर होतात. मेंदी वगळून पांढऱ्या केसांवर थेट नीळ लावली तर निळसर झाक येते, तो घोटाळा पुष्कळजणींचा होतो. पुड्या कालवताना नाका-तोंडाला रुमाल बांधा, दमा असेल तर नक्कीच.

प्रश्न : पांढरा केस उपटला तर दहा येतात, हे खरं का? आणि माका-आवळ्याचं तेल?
— एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : एका मुळातून येणारा केस उपटला म्हणून शेजारची मुळं रंग सोडत नाहीत. पण त्या जागी पुन्हा पांढराच येतो, आणि सारखं उपटल्याने मूळ दुखावतं. बारीक कात्रीने कापा. तेलाने केसाची साल मऊ राहते, तुटणं कमी होतं. रंगपेशींपर्यंत ते काम करत नाही.

प्रश्न : वय 66. मिशी पांढरीशुभ्र होती, आता मधोमध पिवळी पडली आहे. कल्प लावायचा नाही. बिडी दिवसाला पाच-सहा.
— एक वाचक, नाना पेठ

उत्तर : नाकपुड्यांखाली, मधोमध पिवळं आणि टोकांना पांढरं, म्हणजे डाग बिडीच्या धुरातल्या डांबराचा. बिडी धरायची दोन बोटंही तशीच पिवळी असतील. काळ्या केसांवर हा डाग पडला तरी दिसत नाही, पांढऱ्यावर लगेच उठतो. जांभळ्या रंगाचा, पांढऱ्या केसांसाठीचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन-तीन मिनिटं ठेवून धुतला की पिवळेपणा दबतो. जास्त वेळ ठेवला तर मिशी जांभळट होईल. डाग मुरलेला असेल तर बिडी बंद करून मिशी बारीक कापून घ्या. महिन्याला सेंटिमीटरभर या हिशेबाने दोन महिन्यांत पांढरी मिशी परत येते. पिवळेपणा मिशीपुरता नसून सगळ्या डोक्यावर असेल, तर सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं का बघा, आणि डोकं धुताना शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या.